‘बिफोर’च्या पुढे काय येते

अधोरेखित शब्दाची जात ओळखा, हा इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेतला जुना प्रश्न आहे आणि त्याची तयारी बहुतेक मुले याद्या पाठ करून करतात. कंजंक्शनच्या, म्हणजे उभयान्वयी अव्ययांच्या यादीत अँड, बट, ऑर, बिकॉज, इफ, ऑल्दो, सिन्स, आफ्टर, बिफोर. प्रिपोझिशनच्या, म्हणजे आपल्या शब्दयोगी अव्ययांच्या जागी इंग्रजीत जे शब्द येतात त्यांच्या यादीत इन, ऑन, अंडर, फ्रॉम, आणि पुन्हा सिन्स, आफ्टर, बिफोर. एकच शब्द दोन याद्यांत आला की मुलगा गडबडतो, आणि त्यात त्याची चूक नसते. ‘ही लेफ्ट बिफोर डिनर’ हे एक वाक्य घ्या आणि त्याच्याशेजारी ‘ही लेफ्ट बिफोर डिनर वॉज सर्व्ह्ड’ हे दुसरे ठेवा. पहिले चार शब्द दोन्हीकडे तेच, त्यांचा क्रम तोच, ‘बिफोर’चा अर्थही दोन्हीकडे ‘आधी’ असाच. तरीही पहिल्या वाक्यात तो शब्दयोगी आहे आणि दुसऱ्यात उभयान्वयी. हा फरक ‘बिफोर’ने केलेला नाही. तो ‘वॉज सर्व्ह्ड’ या पुढच्या दोन शब्दांनी केला. पहिल्या वाक्यात ‘बिफोर’च्या पुढे फक्त एक नाम आहे. दुसऱ्यात कर्ता आणि क्रियापद असलेले अख्खे उपवाक्य आहे. आणि ‘आय हॅव सीन हिम बिफोर’ या तिसऱ्या वाक्यात पुढे काहीच नाही, म्हणून तिथे तोच शब्द क्रियाविशेषण. या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. इंग्रजीत शब्दाची जात त्या शब्दाच्या अर्थात सापडत नाही. तो वाक्यात कुठे उभा आहे, त्याच्या मागेपुढे काय आहे आणि त्याला हलवता येते का, यावरून ती ठरते.

ही गोष्ट शाळेत सरळ सांगितली जात नाही, याला इतिहास आहे. आठ जातींचा हिशेब इंग्रजीसाठी मुळात मांडलेलाच नव्हता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या व्याकरणात ग्रीक शब्दांचे आठ वर्ग आहेत. रोमनांनी ते लॅटिनला लावले. लॅटिनमध्ये आर्टिकल नाही, म्हणून ते वगळले आणि केवलप्रयोगी अव्ययाला स्वतंत्र स्थान देऊन आठचा आकडा कायम राखला. चौथ्या शतकातल्या डोनेटसचे व्याकरण युरोपात पुढची हजार वर्षे शिकवले गेले, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजीची व्याकरणे लिहिली जाऊ लागली तेव्हा हाच साचा इंग्रजीवर बसवला गेला. लिंडली मरे याच्या १७९५ च्या व्याकरणात आर्टिकल धरून नऊ जाती आहेत. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि पुढे आपल्या शालेय व्याकरणातही शब्दांच्या आठ जाती रूढ झाल्या. पण ग्रीक आणि लॅटिन या प्रत्ययांनी लगडलेल्या भाषा. तिथे नाम विभक्तीने आणि क्रियापद काळ-पुरुषाच्या प्रत्ययांनी स्वतःची ओळख अंगावरच घेऊन फिरते. पाणिनीनेही पदाचे दोनच मोठे भाग केले, सुबन्त आणि तिङन्त, आणि ते शेवटी लागणाऱ्या प्रत्ययांवरून केले. इंग्रजीने गेल्या हजार वर्षांत आपले बहुतेक प्रत्यय टाकून दिले. तिथे ‘वॉटर’ हे नाम आहे की झाडांना पाणी घालण्याचे क्रियापद, हे शब्दाकडे पाहून कळूच शकत नाही. ‘वॉटर द प्लांट्स’ म्हटले की कळते. प्रत्ययांचे काम इंग्रजीने जागेकडे सोपवले. व्याख्या मात्र जुन्याच राहिल्या, आणि प्रत्ययांचा आधार गेल्यावर त्या नुसत्या अर्थाच्या आधाराने उभ्या राहिल्या.

अर्थाचा आधार किती कच्चा आहे, हे उभयान्वयी अव्ययांच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. ‘ऑल्दो’ आणि ‘डिस्पाइट’ या दोन शब्दांत अर्थाचा फरक काय? काहीच नाही. दोन्ही सांगतात की एक अडचण होती आणि तरीही गोष्ट घडली. पण ‘ऑल्दो इट रेन्ड’ म्हणावे लागते आणि ‘डिस्पाइट द रेन’ म्हणावे लागते, त्यांची अदलाबदल करता येत नाही. पहिला उभयान्वयी, दुसरा शब्दयोगी. ‘व्हाइल’ आणि ‘ड्युरिंग’ यांचे तेच. ‘व्हाइल ही स्लेप्ट’ बरोबर, ‘ड्युरिंग ही स्लेप्ट’ चूक. ‘बिकॉज’ आणि जुन्या वळणाचा ‘फॉर’ ही जोडी तर याहून बोलकी आहे, कारण इथे दोघेही कारण सांगतात, दोघांच्याही पुढे उपवाक्य येते आणि दोघेही उभयान्वयीच आहेत. तरी ते एका प्रकारचे नाहीत. ‘बिकॉज ही वॉज इल, ही डिड नॉट कम’ असे कारण आधी घेता येते. ‘फॉर ही वॉज इल, ही डिड नॉट कम’ असे इंग्रजीत कोणी लिहीत नाही. ‘फॉर’ला दोन वाक्यांच्या मधली जागा सोडता येत नाही, म्हणून तो या बाबतीत ‘अँड’ आणि ‘बट’च्या पंगतीत बसतो. अर्थावरून जात ठरत असती तर या जोड्यांतले दोन्ही शब्द सारखेच वागले असते.

मराठीतून इंग्रजीकडे जाणाऱ्याची अडचण तर दुहेरी आहे. आपण शब्दाची जात ओळखताना नकळत त्याचे मराठी करतो आणि त्या मराठी शब्दाची जात इंग्रजी शब्दाला चिकटवतो. ‘बिफोर डिनर वॉज सर्व्ह्ड’चे आपण ‘जेवण वाढण्याआधी’ करतो. मराठीने इथे ‘वाढणे’ या क्रियापदाचेच नाम बनवले, त्याचे सामान्यरूप केले आणि त्याला ‘आधी’ जोडले. म्हणजे मराठीत ‘जेवणाआधी’ आणि ‘जेवण वाढण्याआधी’ या दोन्ही ठिकाणी शब्दयोगी अव्ययच आहे. ‘बिकॉज ऑफ द रेन’ म्हणजे ‘पावसामुळे’ आणि ‘बिकॉज इट रेन्ड’ म्हणजे ‘पाऊस पडल्यामुळे’, दोन्हीकडे ‘मुळे’च. जिथे इंग्रजी उपवाक्य जोडते तिथे मराठी बहुधा धातुसाधिताने काम भागवते. मग मुलाने ‘बिफोर’ला सगळीकडे प्रिपोझिशन म्हटले तर त्याने मराठीचे व्याकरण अचूक लावले आहे, फक्त ते दुसऱ्या भाषेला लावले आहे. याच्या उलट बाजूची चूक ‘हाउएव्हर’च्या बाबतीत होते. त्याचे मराठी ‘पण’, ‘तथापि’. ‘पण’ उभयान्वयी, म्हणून ‘हाउएव्हर’ही उभयान्वयी, असा हिशेब होतो. मग ‘इट वॉज रेनिंग, हाउएव्हर दे वेंट आउट’ असे वाक्य स्वल्पविरामावर तोलून लिहिले जाते, आणि परीक्षक त्यावर लाल रेघ ओढतो.

ती रेघ का ओढली, हे मुलाला सांगायचे तर अर्थाने सांगता येत नाही, हलवून दाखवावे लागते. ‘ऑल्दो’, ‘बट’ आणि ‘हाउएव्हर’ हे तिन्ही विरोध दाखवतात. आता त्यांना जागेवरून हलवून पाहा. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग’ हा तुकडा उचलून वाक्याच्या शेवटी नेता येतो, ‘दे वेंट आउट ऑल्दो इट वॉज रेनिंग’. ‘ऑल्दो’ आपले उपवाक्य बरोबर घेऊन फिरतो, म्हणून तो गौणत्वसूचक उभयान्वयी. ‘बट दे वेंट आउट’ हा तुकडा मात्र उचलून आधी ठेवता येत नाही. ‘बट दे वेंट आउट, इट वॉज रेनिंग’ हे वाक्यच होत नाही. तो दोन सारख्या दर्जाच्या वाक्यांच्या मधोमध खिळलेला असतो, म्हणून प्रधानत्वसूचक. आणि ‘हाउएव्हर’? तो स्वतःच्याच वाक्यात आत शिरू शकतो, ‘दे, हाउएव्हर, वेंट आउट’, आणि शेवटीही बसतो, ‘दे वेंट आउट, हाउएव्हर’. हे स्वातंत्र्य कुठल्याही उभयान्वयीला नसते. ‘दे, बट, वेंट आउट’ असे म्हणून पाहा, कानालाच खटकते. ज्याला आत-बाहेर फिरता येते त्याने काही बांधलेले नाही, आणि ज्याने बांधलेले नाही त्याच्या जिवावर दोन वाक्ये एका स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. म्हणून ‘हाउएव्हर’ हे क्रियाविशेषण, आणि म्हणून त्याच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम. ‘देअरफोर’, ‘मोरओव्हर’, ‘नेव्हरदलेस’ यांनाही हीच परीक्षा लावावी. आणखी एक छोटी खूण आहे. ‘ही केम अँड सॅट डाउन’ यात दुसऱ्या क्रियापदाचा कर्ता गाळला तरी चालते, ‘ही केम बिकॉज वॉज टायर्ड’ चालत नाही. कर्ता गाळू देणे हे सहसा ‘अँड’, ‘ऑर’, ‘बट’ यांनाच जमते.

‘दॅट’ या शब्दावर थोडे थांबायला हवे, कारण इंग्रजीत इतक्या भूमिका करणारे शब्द फार थोडे. ‘दॅट बुक’मध्ये तो दर्शक विशेषण, ‘दॅट इज माइन’मध्ये सर्वनाम, ‘इट इज नॉट दॅट कोल्ड’मध्ये क्रियाविशेषण. इथवर ओळखणे सोपे आहे. खरी कसोटी पुढच्या जोडीत लागते. ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट शॉक्ड अस’ आणि ‘द न्यूज दॅट ही हॅड रिझाइन्ड शॉक्ड अस’. दोन्हीकडे ‘न्यूज’ या नामाला ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य जोडले आहे, आणि वरवर पाहता दोन्ही सारखीच दिसतात. आता ‘दॅट’ झाकून उरलेले उपवाक्य वाचा. ‘ही ब्रॉट’, त्याने आणले. काय आणले? कर्माची जागा रिकामी आहे आणि ती ‘दॅट’ने भरली आहे. म्हणजे ‘दॅट’ इथे बातमीच्या वतीने उभा आहे, म्हणून तो संबंधी सर्वनाम, आणि त्याच्या जागी ‘विच’ चालतो. ‘ही हॅड रिझाइन्ड’, त्याने राजीनामा दिला होता. इथे काहीच कमी नाही. ‘दॅट’ कुणाच्याही वतीने उभा नाही, तो फक्त सांधतो, म्हणून उभयान्वयी, आणि तिथे ‘विच’ घातला तर वाक्य मोडते. मघाशी मराठीने आपली दिशाभूल केली होती. इथे तीच मराठी वाट दाखवते. पहिल्याचे मराठी ‘त्याने आणलेली बातमी’, दुसऱ्याचे ‘त्याने राजीनामा दिल्याची बातमी’. ‘आणलेली’ आणि ‘दिल्याची’ या रूपांमध्ये आपण रोज बोलताना हा फरक करतो आणि तो चुकत नाही. ‘त्याने आणल्याची बातमी’ म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, काय आणल्याची? ज्याला ‘दॅट’ची जात सांगायची आहे त्याने हा प्रश्न इंग्रजी वाक्याला विचारावा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कर्म रिकामे आहे की नाही हे कळायला ‘ब्रॉट’चा अर्थ माहीत असावा लागतो, मग अर्थाला बाहेर कसे काढता येईल? अर्थाला वाक्यातून कोणी बाहेर काढत नाही. म्हणणे एवढेच आहे की ज्या शब्दाची जात ठरवायची त्याच शब्दाच्या अर्थाकडे टक लावून उत्तर मिळत नाही. शेजारच्या शब्दांचा अर्थ रचना समजायला हवाच असतो. आणि तोसुद्धा प्रत्येक वेळी लागतोच असे नाही. ‘गोंबट टिंगरे झुपाझुप चिमतात’ या वाक्यातला एकही शब्द मराठीत नाही. तरी वाचणाऱ्याला ‘टिंगरे’ हे नाम, ‘चिमतात’ हे क्रियापद, ‘गोंबट’ हे विशेषण आणि ‘झुपाझुप’ हे क्रियाविशेषण असल्याचे कोणी सांगावे लागत नाही. अर्थ शून्य असताना जात सापडते, मग अर्थ हा जातीचा पाया कसा असेल?

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. काम बदलले की जात बदलते असे मानले, तर कुठलाही शब्द कुठेही जाईल आणि जात या कल्पनेलाच अर्थ उरणार नाही. प्रत्यक्षात तसे होत नाही. ‘द’ आजवर उभयान्वयी झालेला नाही आणि ‘अँड’ला कोणी शब्दयोगी केलेले नाही. प्रत्येक शब्दाला भूमिकांचा एक ठरलेला संच असतो आणि भाषा तो फार सावकाश बदलते. पण बदलते, हे निश्चित. ‘बिकॉज’मध्ये ‘कॉज’ हे नाम आजही उघडे दिसते, ‘बाय कॉज’ अशा जोडीतून तो घडला. ‘व्हाइल’ हे मुळात वेळ या अर्थाचे नाम, आणि ‘फॉर अ व्हाइल’ म्हणताना ते अजून नामच असते. ‘बट’ हा जुन्या इंग्रजीत ‘बाहेर’ या अर्थाचा शब्द होता. ‘एव्हरीवन बट राम’ म्हणजे रामाला बाहेर ठेवून बाकी सगळे, इथे तो आजही शब्दयोगी आहे. ‘पुअर बट ऑनेस्ट’मध्ये तो उभयान्वयी झाला, आणि ‘ही इज बट अ चाइल्ड’मध्ये ‘फक्त’ या अर्थाचे क्रियाविशेषण. या वाटचालीचा शोध पहिल्यांदा मोठ्या हिरिरीने घेतला तो जॉन हॉर्न टुक याने. अमेरिकेतल्या लढाईत ब्रिटिश सैनिकांच्या हातून मेलेल्यांच्या कुटुंबांसाठी निधी मागणारी जाहिरात दिल्याबद्दल त्याला १७७७ साली राजद्रोही लिखाणाची शिक्षा झाली. खटल्यातल्या कायदेशीर युक्तिवादाचे निमित्त करून त्याने १७७८ साली उभयान्वयी आणि शब्दयोगी अव्ययांवर एक पत्र छापले आणि १७८६ साली त्याचा विस्तार करून ग्रंथ काढला. सगळी उभयान्वयी अव्यये मुळात नामे किंवा क्रियापदे होती, आणि ‘इफ’ म्हणजे ‘गिव्ह’चे आज्ञार्थी रूप, असे त्याचे म्हणणे होते. ‘इफ’च्या बाबतीत तो चुकला, तो शब्द जर्मनमधल्या ‘ओब’च्या घराण्यातला. पण अव्यये अव्यय म्हणून जन्माला येत नाहीत, वापराने होतात, ही त्याची मूळ दृष्टी पुष्कळ शब्दांच्या बाबतीत खरी ठरली आहे.

तिसरा आक्षेप अभ्यासकांकडून येतो, आणि तो थेट माझ्या ‘पुढे काय येते’ या कसोटीवरच आहे. ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने १९२४ साली एक साधी गोष्ट विचारात घेतली. ‘बिलीव्ह’ या क्रियापदाच्या पुढे कधी नाम येते, कधी अख्खे उपवाक्य येते, कधी काहीच येत नाही, तरी आपण त्याला सगळीकडे क्रियापदच म्हणतो. मग ‘बिफोर’ने असा कोणता गुन्हा केला की त्याच्या तीन जाती कराव्यात? रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांनी २००२ च्या ‘द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’मध्ये हा विचार शेवटपर्यंत नेला. त्यांच्या हिशेबात ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘सिन्स’ आणि ‘ऑल्दो’सुद्धा प्रिपोझिशनच आहेत. कुणाच्या पुढे नाम येते, कुणाच्या पुढे उपवाक्य, एवढाच फरक. गौणत्वसूचक म्हणून त्यांनी ‘दॅट’, ‘व्हेदर’ आणि ‘व्हेदर’च्या अर्थाचा ‘इफ’ असे मोजकेच शब्द ठेवले. ‘ही ब्रॉट’मधल्या ज्या ‘दॅट’ला मी वर सर्वनाम म्हटले, त्यालाही ते सर्वनाम मानत नाहीत. ‘द हाउस इन विच ही लिव्ज’ म्हणता येते पण ‘द हाउस इन दॅट ही लिव्ज’ म्हणता येत नाही, मग ‘दॅट’ ‘विच’सारखा कसा, असा त्यांचा बिनतोड पुरावा आहे. त्याआधी १९५२ साली चार्ल्स फ्राइज या अमेरिकन अभ्यासकाने आठ जातींची चौकटच बाजूला ठेवली होती. टेलिफोनवरची सुमारे ५० तासांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून, कोणता शब्द कोणत्या जागी बसतो एवढेच त्याने तपासले. हाती आले चार मोठे वर्ग आणि सांधणाऱ्या-जोडणाऱ्या शब्दांचे १५ छोटे गट.

तज्ज्ञांचेच एकमत नसेल तर शाळेत हे शिकवावे कशाला, असे यावरून कोणी म्हणेल. मला या वादातून उलटेच दिसते. येस्पर्सनपासून पुलमपर्यंत भांडण आहे ते कप्पे किती करायचे याचे. पुरावा सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून आणला आहे. शब्द कुठे बसतो, काय मागतो, हलतो का. ‘कंजंक्शन म्हणजे जोडणारा शब्द’ एवढ्या व्याख्येवर यांतला एकही जण थांबलेला नाही. शास्त्र म्हणून येस्पर्सनची मांडणी मला अधिक सुसंगत वाटते. मराठी मुलासाठी मात्र जुनी विभागणी अजून उपयोगाची आहे, कारण ‘ऑल्दो’नंतर क्रियापदासह उपवाक्य द्यायचे आणि ‘डिस्पाइट’नंतर नाम, हे त्याला लिहिताना क्षणाक्षणाला ठरवायचे असते. जुनी नावे त्याला तेवढे नेमके सांगतात. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेल्या पी. सी. रेन यांचे नाव आपल्याकडच्या पिढ्यांना ‘रेन अँड मार्टिन’मुळे ठाऊक आहे (जगाला ते ‘बो जेस्ट’ या १९२४ च्या कादंबरीमुळे). अशा पुस्तकांतले जातींचे कोष्टक टाकून देण्याची गरज नाही. उत्तरपत्रिकेत जातीच्या नावाबरोबर कारणाची एक ओळ मागितली, ‘पुढे उपवाक्य आहे म्हणून’, ‘जागा बदलता येते म्हणून’, आणि गुण त्या ओळीला दिले, तर तेच कोष्टक विचार करायला लावील.

जिथे दोन्ही उत्तरे बरोबर असतात तिथे ही ओळ किती मोलाची, हे ‘दॅन’वरून कळते. ‘शी इज टॉलर दॅन आय’ की ‘दॅन मी’? पुढे लंडनचे बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ च्या आपल्या व्याकरणात ‘दॅन’ला उभयान्वयी मानून, पुढे गाळलेल्या क्रियापदावरून सर्वनामाचे रूप ठरवायला सांगितले. ‘दॅन आय ॲम’, म्हणून ‘दॅन आय’. बोलणाऱ्यांनी ‘दॅन’ला शब्दयोगीसारखे वागवले आणि ‘दॅन मी’ म्हणत राहिले, आणि आज बोलण्यात तेच सर्रास ऐकू येते. या वाक्यात कोणतेही रूप घेतले तरी अर्थ एकच, कारण इथे तुलना दोघांच्या उंचीचीच असू शकते. ‘शी लाइक्स हिम मोर दॅन आय’ आणि ‘शी लाइक्स हिम मोर दॅन मी’ यांत मात्र तसे नाही. पहिल्यात ‘डू’ गाळलेले आहे. मला तो आवडतो त्याहून तिला तो जास्त आवडतो. दुसरे वाक्य दोन प्रकारे वाचता येते. ‘दॅन’ शब्दयोगी धरला तर अर्थ पहिल्यासारखाच होऊ शकतो. तो उभयान्वयी धरून ‘मी’च्या आधीचे ‘शी लाइक्स’ एवढे गाळले आहे असे मानले, तर तिला मी आवडतो त्याहून तो जास्त आवडतो. ‘मी’ असे लिहिणाऱ्याला यांपैकी काय म्हणायचे होते ते वाक्य सांगत नाही. त्याने ‘दॅन आय डू’ किंवा ‘दॅन शी लाइक्स मी’ असे उपवाक्य पुरे केले, की ‘दॅन’ची जातही ठरते आणि कोणाला कोण जास्त आवडते तेही.